फळबागेखालचा फुगवटा

तेल जमिनीखाली असो वा नसो, ते शोधणारं खातं जमिनीवर असावंच लागतं. डोंगररांगेने स्वतःच्या भाराने पायथ्याची जमीन दाबली आणि झालेल्या खळग्यात युगानुयुगं आपलाच गाळ ओतला. अशा ठिकाणी तेल सापडतं म्हणतात. खात्याने तिथे चार विहिरी खोदल्या आणि चारही यशस्वी झाल्या. (तेल लागलं नाही, हा वेगळा विषय.) पहिली 'उत्साहवर्धक' ठरली, दुसरी 'बोधप्रद'. तिसरीला गरम पाणी लागलं म्हणून ती 'बहुउद्देशीय'. चौथीत ड्रिल अडकून बसलं, ती 'कायमस्वरूपी'.

पाचवीची जागा खात्यातल्या भूवैज्ञानिकाने शोधली. जमिनीला हादरे देऊन परत आलेल्या लहरींच्या आलेखात त्याला थरांचा देखणा फुगवटा दिसला. असल्या फुगवट्यात तेल साठतं, म्हणून मोठ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मग नकाशा लावून पाहिला, तर फुगवटा नेमका त्याच्या थोरल्या बहिणीच्या फळबागेखाली.

त्याने घाईघाईने आलेख पुन्हा तपासला. डोंगराचा टणक खडक जमिनीखालून थेट बागेपर्यंत सरकलेला होता. टणक खडकातून लहर भरभर जाऊन लवकर परतते, त्यामुळे खालचे सपाट थरही उगाच वर आलेले दिसतात. फुगवटा नव्हताच. नवशिक्याची चूक, आणि ती त्याने केस पिकल्यावर केली.

"ताई, तिथे तेल नाही गं," तो फोनवर म्हणाला.

"मग मला काय सांगतोस? तिकडे सांग ना."

त्याने तिकडे सांगितलं. विहिरी मंजूर करणाऱ्या समितीचा नियम सरळ होता: 'तेल आहे' म्हणणारा आशावादी, त्याला पुरावा लागत नाही, 'नाही' म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. घाम पुसत त्याने चूक कबूल केली.

"म्हणजे शंका आहे तर," मोठे साहेब मायेने म्हणाले. "मग तिचं निरसन व्हायलाच हवं. खोदा."

बाग तोडली. तो रोज कुंपणाशी उभा राहायचा. आता लागलंच तेल, तर बाग अगदीच वाया गेली नाही असं ताईला सांगता येईल, एवढीच त्याची आस होती. लागलं नाही. विहीर 'निर्णायक' ठरली आणि अचूक भाकिताबद्दल खात्याने त्याला शाल दिली. ताई सत्काराला आली नाही, त्यानंतर फोनही उचलत नाही. त्याला फार वाईट वाटतं.

वाचकहो, फुगवटा नाही हे तुम्हालाही मघाशीच सांगितलं होतं. तरी ड्रिल खाली गेलं तेव्हा, 'कोण जाणे, लागेलही' असं वाटलंच ना? सहाव्या विहिरीसाठी समितीत एक जागा रिकामी आहे. अनुभवाची अट नाही.