हरकत असलेस पंधरा दिवसांत

चौगुले आण्णांनी आपल्या दारातल्या पेरूची एक फांदी तोडायची ठरवली, तेव्हा आधी पंधरा दिवस त्या फांदीला नोटीस लटकवली. ‘सदर फांदी तोडणेची आहे. कोणाची हरकत असलेस पंधरा दिवसांत लेखी कळवावे.’ खाली सही आणि तारीख. झाडाला खिळा नको म्हणून सुतळीनं बांधलेली. चौथ्या दिवशी पलीकडच्या मुल्लाणी भाभींनी हरकत घेतली. फांदी त्यांच्या अंगणात वाकते आणि निम्मे पेरू तिकडं पडतात, असं त्यांचं म्हणणं. आण्णांनी स्वतःच्याच कट्ट्यावर सुनावणी घेतली, भाभींचं म्हणणं मान्य केलं आणि फांदी वाचली. तिच्याखालून जाताना आता आण्णांचंच डोकं आपटतं.

आमच्या मंगळवार पेठेत आण्णा सगळ्यांना ठाऊक. बत्तीस वर्षं ते कचेरीत एकाच टेबलावर होते, आणि काम एकच, नावं कमी करायची. माणूस वारला की रेशनकार्डावरचं त्याचं नाव आण्णांच्या पेनाखालून जायचं. निवृत्त झाले, टेबल सुटलं, पण रीत काही सुटली नाही. ‘रीतसर झालं पायजे’ हे त्यांचं पालुपद. भाजीवालीनं वजन करायच्या आधी वांगी पिशवीत टाकली तर ते सगळी वांगी परत काढायला लावतात. “आदी भाव, मग माप, मग पिशवी.” निवृत्तीनंतर त्यांनी हट्टानं कॉम्प्युटरचा क्लासही केला. तेव्हापासून गल्लीत कुणाचं मशीन अडलं की चष्मा पुसत आण्णा हजर.

माझं मशीन अडलं ते असं. मी लग्नपत्रिका करतो, घरीच, एका जुन्या कॉम्प्युटरवर. त्यात नवी सिस्टिम टाकून घेतली आणि जुनी पुसून टाकली. पण मशीन चालू केलं की निळ्या पडद्यावर दोघींचीही नावं यायची आणि कुठली हवी ते विचारायचं. तीस सेकंदांत खालचा बाण दाबून नवी निवडली नाही, तर मशीन आपलं आपण जुनीला शोधायला जायचं. ती कुठली सापडायला? मग काळा पडदा आणि रडगाणं. त्यामुळं रोज सकाळी मी बाणावर बोट ठेवून पहारा देत बसायचो. चहाला उठलो की घात.

आण्णांना बोलावलं. त्यांनी ती यादी मिनिटभरात शोधून काढली, जुन्या सिस्टिमचं नाव निवडलं, डिलीटचं बटण मला दाखवलं, आणि हात मागं घेतला.

“दाबा की आण्णा.”

“आसं कसं? मयताचं नाव हाय हे. आदी नोटीस.”

“अहो, हरकत घेणार कोण? कॉम्प्युटर?”

“ते आपुन ठरवायचं न्हाय.”

झालं. मॉनिटरच्या कडेला नोटीस चिकटली. ‘सदर जुन्या सिस्टिमचे नाव यादीतून कमी करणेचे आहे.’ दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाच्या ठोक्याला आण्णा दारात.

“हरकत आली काय?”

“नाही.”

“बरं,” म्हणायचे आणि खुर्ची ओढून बसायचे. माझी बायको सुनंदा चहा-भडंग पुढं ठेवायची. आण्णा माझ्या पत्रिकांतल्या चुका काढायचे, सुनंदाला जुन्या साहेबांच्या नकला करून दाखवायचे आणि साडेसातला “उद्या बघू” म्हणून उठायचे.

मी चिडलो होतो, लपवत नाही. सहाव्या दिवशी शाहूपुरीचं एक गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना माझे तीस सेकंद हुकले. काळ्या पडद्याकडं बघत ते शांतपणे म्हणालं, “पावणं, लगीन ह्याच वर्षी हाय आमचं.”

त्या संध्याकाळी मी आण्णांना सरळ विचारलं, “दोन क्लिकच्या कामाला पंधरा दिवस कशाला?”

आण्णांनी भडंगातला शेंगदाणा निवडून तोंडात टाकला. “लोकं घाई करत्यात, दीपक. दाखला टेबलावर टाकायचे, म्हनायचे आत्ताच्या आत्ता नाव काडा. मी कागद पंधरा दिस ठिवायचो. हरकत घ्यायला शक्यतो कोन येत न्हाय. पर बघायला येत्यात. एकदा एक म्हातारी लांबनं आलती. भावाचं नाव बोटानं चाचपलं आनि गेली. लगीच काडलं आसतं तर तिनं काय बघिटलं आसतं?”

मी भडंगाची ताटली त्यांच्याकडं सरकवली.

“आमच्या मंडळीचा, मालतीचा कागद बी ठिवलाता पंधरा दिस,” ते म्हणाले. “पोरबाळ न्हाय, मागं कोन न्हाय. कोन आलं न्हाय. मीच बघत बसायचो.” मग कप पुढं केला. “वैनी, अर्धा घाला आजून.”

सुनंदानं पूर्ण भरून दिला. माझा राग त्या दिवशी गेला, आणि सहा कधी वाजतात याची मीही वाट बघायला लागलो. खोटं कशाला बोलू?

चौदाव्या दिवशी आण्णांनी भडंगाला हात लावला नाही. नोटिशीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला. “उद्या मुदत संपती. परवापास्नं हितं आपलं काय काम न्हाय,” म्हणाले आणि सातलाच उठले. सुनंदा दारापर्यंत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

पंधराव्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. उभं राहून नोटीस मोठ्यानं वाचली. “कुनाची हरकत हाय?” एकदा विचारलं, दोनदा विचारलं, आणि माऊसला हात घातला.

“माझी हाय,” सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

“लेखी पायजे, वैनी.”

तिनं पदराला हात पुसले आणि एका वाया गेलेल्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेला अर्ज पुढं केला. ‘सदर नाव कमी करणेस माझी हरकत आहे. कारण, ते यादीत असलेने माझा नवरा रोज सकाळी तीस सेकंद गप्प बसतो.’

आण्णांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, मग डोळेही पुसले.

“मुद्द्यात दम हाय. सुनावनी घ्याय लागंल.”

“किती दिवस चालंल?” सुनंदानं विचारलं.

“सायेबावर हाय ते.”

“सायेब कोन?”

“मीच की,” म्हणत आण्णांनी खुर्ची ओढली आणि भडंगाची ताटली जवळ घेतली.

सुनावणीला आता तीन महिने झाले. परवा मुल्लाणी भाभी त्या फांदीचे पेरू घेऊन आल्या आणि सुनंदाच्या बाजूनं साक्ष देऊन गेल्या. मी रोज सकाळी बाणावर बोट ठेवून बसतो. ते डिलीटचं बटण कुठं आहे ते मला पाठ आहे. पण घाई काय आहे? रीतसर झालं पाहिजे.