फिदेन्सियोचे गुडघे आणि अव्होकाडोची बी

सासूबाईंना न विचारता अव्होकाडोची एक बी उचलायची, असं फिदेन्सियोने ठरवलं आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

विचारलं असतं तर गुडघे दुखतात हे सांगावं लागलं असतं, आणि या सासूबाईंना, देल्फीनाबाईंना, सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तळ्याच्या पलीकडच्या गावात पोचते. उत्सव तर उद्यावर आलेला. गावच्या म्हाताऱ्यांच्या नाचात लाकडी मुखवटा चढवून, कंबर वाकवून, काठी टेकत सगळ्यांच्या पुढे नाचण्याचा मान सव्वीस वर्षं फिदेन्सियोचा होता. म्हाताऱ्याचं सोंग करणारा माणूस खरोखरच म्हातारा झाला हे फुटलं, तर ती काठी जाणार मेहुण्याकडे. हा अबुंदियो त्याच नाचात नऊ वर्षं घागरा नि वेण्या घालून पोरीचं सोंग करत होता आणि त्या काठीवर डोळा ठेवून होता.

अंगणातलं झाड सासूबाईंचं, आणि घरातला प्रत्येक रोग त्या झाडाच्या ताब्यात. खोकला झाला, पानांचा काढा. पोट बिघडलं, भाजलेल्या बीची पूड. केस गळले, डोक्याला गर. (फिदेन्सियोच्या टकलावर हा गर सहा महिने थापला होता. केस आले नाहीत, माश्या आल्या.) सांधेदुखीला बी किसून दारूत मुरवतात हे त्याने ऐकलं होतं. किती दिवस मुरवतात, ते ऐकायला तो थांबला नव्हता.

दुपारी बायका देऊळ सजवायला गेल्या. याने बी किसली, दारूत कालवली आणि दोन्ही गुडघ्यांना लिंपली. काय आश्चर्य, कळ थांबली! त्या आनंदात पठ्ठ्याने उत्सवाची नवी पांढरी विजार चढवली आणि चार पावलं नाचून पाहिली.

तेवढ्यात बायको दारात.

"अगं बाई, रक्त!" होविता किंचाळली.

"रक्त कसलं? औषध आहे."

तिने वाकून वास घेतला. "बी? अरे मेल्या, बी चोळून वर पांढरी विजार घातलीस?"

"धुतलं की जाईल."

"जाईल? आई चादरींवर नावं कशाने घालते? इतकी वर्षं झोपतोस कशावर?"

बीवर कापड ताणून सासूबाई सुईने टोचत जायच्या, आणि उमटलेली तांबडी अक्षरं कापड फाटेपर्यंत जात नसत, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. पण ती करामत सुईची, असा त्याचा समज.

लिंबू झालं, राख झाली, साबण झाला. डाग आणखी खुलले. होविताने सात महिने खपून त्या विजारीच्या काठावर भरतकाम केलं होतं. ती रडलीही, आणि रडता रडता साबणाची वडी नेम धरून फेकलीही. डागाळल्या कपड्याने उत्सवाच्या संतापुढे नाचायचं नाही, हा गावचा नियम.

शेवटी फिदेन्सियो मेहुण्याच्या दारात उभा राहिला. "अबुंदियो, एक पांढरी विजार असेल का रे?"

"आहे की! नऊ वर्षं इस्त्री करून ठेवलीय."

"मग दे ना."

"देतो, दाजी. पण विजारीत मी असणार." आणि त्याने घागरा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी फिदेन्सियो वेण्या लावून, पोरीचा मुखवटा घालून नाचला. तांबडे गुडघे घागऱ्यात झाकले गेले. मनात मेहुण्याला शिव्या देत होता, पण पाय कसे हलके झाले होते! गिरक्या काय, उड्या काय! लोकांनी टोप्या उडवल्या. सव्वीस वर्षांत त्याच्यासाठी एकही टोपी उडाली नव्हती.

नाच संपताच उत्सवाचे प्रमुख, हेर्वासियो ताता, पुढे आले. "ठरलं. पुढच्या वर्षापासून पोर हीच. काठी अबुंदियोकडेच राहू दे."

फिदेन्सियोचं धाबं दणाणलं. काठी तर गेलीच होती, निदान घागरा तरी चुकावा; आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने मुखवटा काढला. "ताता, माझ्याने नाही व्हायचं. गुडघे गेलेत. खरंच सांगतो, मी म्हातारा झालोय हो!" पटावं म्हणून तो कमरेत वाकला, लंगडत चार पावलं चालूनही दाखवलं.

ताता अबुंदियोकडे वळून म्हणाले, "बघ, सव्वीस वर्षं हा असाच चालायचा. याला म्हातारा कधी जमलाच नाही."