भुतं तपासणारे बोरसे नाना

भुताच्या पत्राला समास आखलेला मी पहिल्यांदा पाहिला तो बोरसे नानांच्या पत्रात. फुलस्केप कागद, डावीकडे लाल पेन्सिलीचा समास आणि खाली एकाखाली एक पाच मथळे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. शाळेत मीठ पाण्यात विरघळवण्याचा प्रयोग लिहावा तसं त्या माणसाने पाचोऱ्याचं भूत लिहून काढलं होतं.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, मी जळगावला रेडिओवर निवेदिका होते. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमचा 'असा अनुभव आला' नावाचा कार्यक्रम लागायचा. श्रोत्यांना आलेले विलक्षण अनुभव मी वाचून दाखवायची आणि कधी कधी लिहिणाऱ्यालाच बोलावून त्याच्या तोंडून रेकॉर्ड करायची. आमच्या केंद्राच्या साहेबांना वाटलं होतं, लोक देवदर्शनाचे नाहीतर अपघातातून वाचल्याचे अनुभव पाठवतील. लोकांनी पाठवली भुतं. चकवा लागून एकाच शेताला पाच फेऱ्या मारलेले शेतकरी, विहिरीतून येणारे आवाज, आभाळातल्या तबकड्या. टपालाची पिशवी उघडली की मला एकटीला बसवत नसे.

पाचोऱ्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं की रुळांच्या पलीकडे पहाटेच्या धुक्यात एक पांढरी बाई उभी असते. मी ते चांगलं आवाज खाली आणून वाचलं. दहाव्या दिवशी नानांचं पत्र आलं.

"साहित्य : छत्री, मोजपट्टी, जावयाची दुर्बीण, भाजलेले शेंगदाणे. कृती : सकाळच्या गाडीने पाचोरा येथे जाऊन जागेची पाहणी केली. निरीक्षण : बाई नाही. बाभळीचे झुडूप आहे. त्यावर जवळच राहणारे एक गृहस्थ धोतर वाळत घालतात व रात्री काढण्याचा कंटाळा करतात. निष्कर्ष : धोतर दुसरीकडे वाळत घालावे."

मी हसत हसत तेही वाचलं. पुढच्या आठवड्यात पाचोऱ्याच्या गृहस्थांचं संतापलेलं पत्र हजर. "त्या बाईमुळे आमच्या गल्लीला मान होता. पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. तुमच्या नानांनी तिचं धोतर करून टाकलं. आमचं भूत आम्हाला परत करा."

एवढं झाल्यावर नाना स्वतःच केंद्रावर आले. साठीचा, काटकुळा, पांढरा शर्ट-पायजमा, डोक्यावर टोपी, काखेत छत्री. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या एका गावात हायस्कूलवर विज्ञान शिकवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. बायको वारली, मुलगी जळगावात दिलेली, म्हणून तिच्या घराजवळ एक खोली घेऊन राहत होते.

"ताई, तुम्ही वाचता छान," खुर्चीवर बसायच्या आधीच ते म्हणाले. "पण मधे थांबता फार. त्या थांबण्यामुळे लोक घाबरतात. भूत तुमच्या थांबण्यात आहे."

तेव्हापासून ते दर गुरुवारी यायचे. आलेली पत्रं चाळायचे आणि जवळपासचं भूत असलं की पत्ता उतरवून घ्यायचे. तपासणीला नेहमी दिवसा जायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, भूत दिवसा कसं दिसेल?"

"रात्री कोणालाही काहीही दिसतं, ताई. दिवसा दिसू द्या, मग मी हात जोडतो."

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "एका साक्षीदारावर निष्कर्ष निघत नाही." दाराशी चहा घेऊन आलेल्या आमच्या शिपायाने "आज ऊन कडक आहे" म्हटलं तरी नाना दुसऱ्याला विचारून घेत.

विहिरीतल्या आवाजाचा त्यांनी पंपाचा सैल वॉल्व्ह केला. चकवा लागलेल्या शेतकऱ्याला बांधावर उभं करून त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा लांब पडतो हे मोजून दाखवलं. तो शेतकरी मला पत्रात म्हणाला, "ताई, चकवा परवडला. आता चालताना पायाकडेच लक्ष जातं." खानदेशातली निम्मी भुतं नानांनी वर्षभरात निकामी केली, असं आमचे साहेब म्हणायचे.

एका भुताचा अहवाल मात्र अर्धाच आला. पहूरच्या एका म्हातारीच्या घरात रोज दुपारी तीनला मांडणीवरची भांडी आपोआप वाजायची. नाना गेले. निरीक्षण व्यवस्थित लिहिलं होतं आणि निष्कर्षापुढे नुसतं, "राखून ठेवला."

"म्हणजे खरंच काही होतं?" मी विचारलं.

"कसलं काय. मागच्या बाजूला कापसाचं जिनिंग आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर तीनला मशीन सुरू होतं, जमीन थरथरते. ताटलीत पाणी ठेवून पाहिलं मी."

"मग लिहिलं का नाही?"

नाना टोपी काढून तिच्या आत बघत बसले. "म्हातारीला वाटतं, वारलेले मालक येतात चहाला. दोन कप मांडते ती. दुसरा कप तिने मला दिला. मी प्यालो. नंतर काय लिहिणार?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस दिसतो तेवढा कोरडा नाही.

आणखी एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. भूत, चकवा, करणी या सगळ्यावर नाना तुटून पडायचे, पण आभाळातल्या उजेडाचं पत्र आलं की गप्प व्हायचे. त्यावर उद्देश-साहित्य काही नाही. फक्त विचारायचे, "गाव कोणतं? सातपुडा दिसतो का तिथून? कोणत्या सालचं?" उत्तर ऐकून म्हणायचे, "हे ते नव्हे." पत्र घडी करून परत ठेवायचे, दोन्ही कडा नीट जुळवून.

चारपाच वेळा हे झालं. सहाव्या वेळी मी पत्र हातातून सोडलंच नाही. म्हटलं, "नाना, 'ते' म्हणजे कोणतं? आधी सांगा, मग पत्र."

त्यांनी छत्री खुर्चीला टेकवून ठेवली. मग सांगायला लागले.

"बारा वर्षं झाली. शांताच्या माहेराहून आम्ही येत होतो. मी सायकलवर, ती मागे कॅरिअरवर. सूर्य नुकताच बुडाला होता, चांगलं दिसत होतं. एकदम ती आमच्या अहिराणीत म्हणाली, 'अहो, दखा ना, ते काय शे?' मी सायकल थांबवली. डोंगरावर एक तांबूस उजेड उभा होता. वारा नाही, आवाज नाही. चांगली दहा मिनिटं. मग आडवा सरकत डोंगरामागे गेला."

"तुम्ही पाहिलात?"

"तुम्हाला आत्ता बघतोय इतका स्पष्ट."

शांताअक्कांनी दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर बायकांना सांगितलं. त्या भोळ्या बाईला वाटलं, एवढी नवलाची गोष्ट, सगळ्यांना सांगावी. बायका हसल्या. दुपारपर्यंत ते शाळेत पोचलं. संध्याकाळी चार शिक्षक नानांच्या अंगणात येऊन बसले. एकाने विचारलं, "काय सर, वहिनींना तबकडी दिसली म्हणे. तुम्ही बरोबरच होता ना?"

"त्याच महिन्यात मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं, ताई. टाळ्या घेतल्या होत्या. शांता दारात उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. म्हणाली, 'तुम्हीन बी दखं ना? मंग सांगा ना.' आणि मी म्हणालो..."

नाना थांबले. त्यांनी मला सांगितलं होतं, भूत थांबण्यात असतं.

"मी म्हणालो, 'मी सायकलची चेन बघत होतो. मला काही दिसलं नाही.'"

चौघे हसले. अक्का ट्रे ठेवून आत गेल्या.

"भांडल्या का तुमच्याशी?"

"भांडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला हो! तिला वाटलं, हा माणूस खोटं कशाला बोलेल? कोणी चिडवलं की म्हणायची, 'सरसनी नही दखं. मनाच डोयाले काही व्हयनं व्हई.' म्हणजे माझ्याच डोळ्यांना काही झालं असेल. स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडलं तिने, माझ्यासाठी. हळदीकुंकवाला गेली की बायका विचारायच्या, 'अक्का, आज काय उतरनं?' मग जाणंच सोडलं. अंगणात बसायची तरी मान वर करायची नाही."

शेवटच्या आजारात अक्कांनी एकदाच विचारलं होतं. "आते तरी सांगा. दिसनं व्हतं ना?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, 'बरी हो, मग सांगतो.' मला वाटलं, ऐकायच्या ओढीने तरी ही उठेल." नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही उठली."

मग कळलं, हा माणूस दर गुरुवारी पायपीट करत का येत होता. त्या संध्याकाळी, त्या डोंगराकडे आणखी कोणीतरी बघत असेलच. कधीतरी त्याचं पत्र येईल. परक्या माणसाने ते सांगितलं की अक्का खऱ्या ठरतील, म्हणून नाना वर्षभर आमची पिशवी चाळत होते. भुतं त्यांनी वाटेत तपासली, रिकामं बसवत नाही म्हणून.

"एका साक्षीदारावर निष्कर्ष निघत नाही ना, ताई," ते म्हणाले.

मला राग आला. त्यांचा आला की त्या चार शिक्षकांचा, सांगता येत नाही. मी म्हणाले, "नाना, एक साक्षीदार अक्का. दुसरे तुम्ही. तिसऱ्याची वाट कशाला बघताय?"

ते उठले, छत्री घेतली आणि निघून गेले. मला वाटलं, संपलं. आता यायचे नाहीत.

पुढच्या सोमवारी दहाच्या ठोक्याला हजर. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. "रेकॉर्डिंग करा," म्हणाले. हातात समास आखलेले दोन कागद होते. स्टुडिओत माईकसमोर बसले. काचेपलीकडून आमच्या इंजिनिअरने हात केला. नानांनी वाचायला सुरुवात केली, "उद्देश..." आणि थांबले. पुन्हा "उद्देश..." पुन्हा तेच. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी पाणी प्यायलं नाही. कागद उलटे करून ठेवले आणि नुसतेच बोलायला लागले.

साडेतीन मिनिटं बोलले. साल, जागा, दिशा सगळं सांगितलं. अंगणात आपण काय बोललो तेही सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. "मी शिक्षक होतो आणि खोटं बोललो," म्हणाले. शेवटी माईकच्या इतकं जवळ गेले की इंजिनिअरला आवाज कमी करावा लागला. "शांता, तू दखं ते खरं शे. मी बी दखं व्हतं."

इंजिनिअरने टेप थांबवली. नेहमी तो काचेतून अंगठा दाखवायचा. त्या दिवशी मान खाली घालून वायर गुंडाळत बसला.

कार्यक्रम कधी लागेल ते विचारून नाना गेले. गुरुवारी ते केंद्रावर आले नाहीत. मुलीकडे निरोप पाठवला तर कळलं, ट्रान्झिस्टर घेऊन सकाळच्या एसटीनेच गावी गेले आहेत. म्हातारा माणूस, आपल्याच गावात जाऊन आपलीच लाज ऐकवणार. कोणी काही बोललं तर?

चार दिवसांनी आले. मी खुर्ची पुढे केली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गिरणीवर गेलो होतो," नाना म्हणाले. "बायका दळण घेऊन बसल्या होत्या. भागाबाई होती, सगळ्यात जास्त हसलेली. आता पार वाकलीय. मी गिरणीवाल्याला म्हटलं, रेडिओवर माझं लागणार आहे, दहा मिनिटं गिरणी बंद ठेवशील का? त्याने पट्टा उतरवला. पीठ उडायचं थांबलं, सगळ्या गप्प. तुमचा आवाज आला, मग माझा. मी जमिनीकडे बघत बसलो."

"मग? बोललं कोणी?"

"कोणी नाही. कार्यक्रम संपून बाजारभाव लागले तरी कोणी नाही. मी रेडिओ बंद केला, उठायला लागलो. तेवढ्यात भागाबाई म्हणाली, 'बसा ना सर. केवढं व्हतं हो ते?'"

नाना हसले. "ताई, शांता होती तोवर तिला हे कोणी विचारलं नव्हतं. केवढं होतं, रंग कसा होता, गेलं कुठे. मीसुद्धा नाही. त्या दिवशी बायकांनी सगळं विचारलं. दळण राहिलं बाजूला. मी हात करून दाखवलं, ताटाएवढं. तर भागाबाई म्हणते, 'नही हो सर. अक्का तं एवढं सांगे.'"

माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात पसरले. चांगली मोठी परात मावेल एवढे.

"मी काय म्हणालो माहीत आहे? म्हटलं, मग तेवढंच असेल. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली होती."