नंदीच्या काठाची साडी

“आप्पा, ह्यो काठ न्हवं. ह्ये गर्भाशय हाय.”

सौम्या हे बोलली तेव्हा साडी मागावरून उतरून, घडी होऊन, देवळात पोचली होती.

सुबराव वडगावातला विणकर. लेकीचा हात चित्रात चांगला म्हणून त्यानं तिला नवा काठ काढून ठेवायला सांगितलं होतं. तिनं काढलाही होता. पण विणकराच्या घरात चौकडीचा कागद सोडून दुसरा कागद मिळतो कुठं? नर्सिंगच्या वर्गासाठी बाईच्या आतल्या अवयवांचं चित्र काढायचं होतं, तेही तिनं त्याच कागदावर रंगवलं आणि नावं उद्या लिहू म्हणून ठेवून दिलं. सुबरावनं नेमकं तेच उचललं. मधे कलश, कलशाच्या दोन्ही खांद्यांवरून निघालेल्या वेली, वेलींच्या टोकाला झालरीची फुलं, फुलाजवळ एकेक बदाम. असा भरगच्च काठ त्यानं जन्मात विणला नव्हता. मागाच्या जकार्डसाठी नमुन्याची भोकं पाडून कार्डं बनवणाऱ्यानंसुद्धा वा म्हटलं होतं.

“ह्या दोन नळ्या,” सौम्या चित्रावर बोट ठेवून सांगायला लागली. “ह्ये बीजकोश. आन् खाली ह्ये गर्भाशयाचं तोंड, त्याच्या खाली...”

“गप बस,” सुबरावनं कानावर हात ठेवले. त्याच्या घरात या अवयवाला पिशवी म्हणत, आणि तेही दार लावून.

त्याची बायको रुक्माबाई मात्र कागदावर वाकली. दोन बाळंतपणं झाली होती, पण ही वस्तू तिनं आज पहिल्यांदा बघितली. “असं असतंय व्हय गं?” ती हळूच म्हणाली. “मला वाटलं पोत्यागत असंल.”

नव्या नमुन्याची पहिली साडी गल्लीच्या देवीला नेसवायची, हा त्यांच्या गल्लीचा रिवाज. उद्या सकाळी देवी ती साडी नेसणार, सगळी गल्ली दर्शनाला येणार, आणि कुणी एकानं जरी ओळखलं तर पंच सुबरावला वाळीत टाकणार. मागाला काम मिळणार नाही, घरात कुणी पाणी प्यायला येणार नाही. देवीच्या अंगावर काय घातलंस रं, म्हणून विचारलं तर तोंडातून शब्द तरी कुठला काढायचा? त्याला तर शब्दच येत नव्हता. परत मागायला जावं तर कारण सांगावं लागणार. रुक्माबाईनं सुचवलं, साडीत गाठ राहिली म्हणा. तो तसाच देवळाकडं पळाला, पण गाभाऱ्याला कुलूप होतं. पंचांचे म्होरके मारुतीराव किल्ली कमरेला लावून जेवायला बसले होते. तिथं गाठलं तर साडीची त्यांनी एवढी तारीफ केली की सुबराव गाठीचं नाव न काढता घाम पुसत माघारी आला.

त्यातही खरी भीती एकीचीच होती. मारुतीरावांची सून रचना. बेळगावात कॅम्पातल्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी डॉक्टर. गल्लीला फसवता येईल, तिला कसं फसवणार?

सकाळी देवी नेसली. सुबराव खांबाआड उभा राहिला. पंच एकेक करून पुढं आले, काठावर नाक टेकवून बघितलं.

“नंदी हाय,” मारुतीरावांनी निकाल दिला. “ह्ये तोंड, ही शिंगं, शिंगाला गोंडं. सुबराव, लई ब्येस उतरलंय रं.”

सगळ्यांना लगेच नंदी दिसला. एकानं काठ कपाळाला लावला. निवृत्त हेडमास्तरांना तर नंदीच्या डोळ्यांत भाव दिसले. ज्या वाटेनं हे सगळे पंच जगात आले, ती वाट एकालाही ओळखू आली नाही. सुबरावला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याची नजर दाराकडं होती.

रचना आली. आणि पायरीखालीच थांबली. महिन्याच्या अडचणीतल्या बाईनं पायरी चढायची नाही, हा मारुतीरावांचा कायदा, आणि घरच्या डॉक्टरलाही त्यातून सूट नव्हती. सुबरावनं मनातल्या मनात त्या कायद्याला हात जोडले. असल्या कायद्याला हात जोडायची पाळी आली, इतका तो माणूस भ्यालेला होता.

पण मारुतीरावांना कौतुक आवरेना. त्यांनी देवीचा मोकळा पदर दारापर्यंत ओढून धरला.

“सूनबाई, लांबनं बघ. शिवू नगंस, तू अडचणीत हाईस.”

रचनानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं खांबाआडच्या सुबरावकडं बघितलं. सुबरावनं डोळे मिटले.

“लई सुंदर हाय, मामंजी,” ती म्हणाली. “मी म्हणते, जत्रंला सगळ्या पंचांच्या फेट्याला बी ह्योच काठ लावा. असली गोष्ट डोक्यावरच घ्यायला पायजे.”

पंचांनी माना डोलावल्या. जाता जाता तिनं सुबरावला विचारलं, लेक नर्सिंगला आहे ना. मग म्हणाली, दोन्ही बीजकोश अगदी जागेवर आलेत म्हणून सांगा तिला.

जत्रेपर्यंत सुबराव फेटे विणत राहिला आणि रात्री दचकून उठत राहिला. तिकडं रुक्माबाईनं एका शेजारणीला, फक्त एकीलाच, शपथ घालून काठाचं खरं सांगितलं होतं.

जत्रेदिवशी पंच नवे फेटे बांधून देवळाच्या दारात ओळीनं उभे राहिले. मारुतीरावांनी घसा साफ केला आणि पुकारलं, “अडचणीतल्या बायकांनी पायरी चढू नये.”

खालच्या बायकांनी वर बघितलं. पंचांच्या तोंडाकडं नव्हे, डोक्याकडं. एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरी खाली बसली. मग हसू पायऱ्यांच्या खाली गर्दीभर पसरत गेलं, आणि त्या हसण्यातच रचना पहिली पायरी चढली. तिच्यामागनं रुक्माबाई, मग बाकीच्या. अडवायला कुणाला सुचेना.

मारुतीरावांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात वर नेऊन फेटा चाचपला आणि शेजारी उभ्या सुबरावला हळूच विचारलं, “काय झालंय रं? डोक्यावर काय बसलंय का माझ्या?”

सुबरावनं बघितलं. कपाळाच्या बरोब्बर मधोमध गर्भाशय, दोन्ही कानांवर दोन नळ्या.

“काय न्हाय, अण्णा,” तो म्हणाला. “ब्येस बसलाय. हलवू नगा.”