कूलरला चापट मारण्याची अधिकृत कार्यपद्धती

आष्ट्याजवळच्या एका दूध संकलन केंद्रात दूध थंड करणारा मोठा कूलर सुरू करण्याची लेखी कार्यपद्धती नव्हती. गेली एकोणीस वर्षे तो तिच्याशिवायच सुरू होत होता. ही गंभीर बाब तपासणीत उघडकीस आली. नवे व्यवस्थापक विश्वजित साहेबांनी ऑपरेटर रामगोंडाला समोर बसवले आणि पुस्तिका लिहायला घेतली.

"सांगा, कूलर कसा सुरू करता?"

"हिरवं बटण दाबायचं. न्हाई झाला सुरू, तर पत्र्याला एक चापट मारायची."

"कुठे?"

"जिथं मारली की सुरू हुतंय तिथं."

"किती जोराने?"

"लय न्हाई. जावयाच्या पाठीवर कौतुकानं मारतो तेवढी."

साहेबांनी लिहिले, 'तळहाताने मर्यादित आघात करावा. बळ : एक जावई.' मोजमाप प्रमाणित असावे, म्हणून रामगोंडाचा जावई जिनेंद्र याला रोज सकाळी हजर राहण्याचे पत्र गेले. रात्रपाळीचा तानाजी अविवाहित निघाला. त्याला जावई मिळेपर्यंत चापट मारण्यास मनाई झाली.

मग पुस्तिका सुरक्षा समितीकडे गेली. समितीने एकच ओळ वाढवली : 'यंत्रास हात लावण्यापूर्वी वीज बंद करावी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हजार लिटर दूध आले. बटण दाबले, कूलर गप्प. रामगोंडाने नियमाप्रमाणे वीज बंद केली, जिनेंद्रच्या पाठीवर मोजमापाची चापट मारली, लगेच तेवढीच पत्र्यावर मारली. असे अकरा वेळा झाले. जिनेंद्रची पाठ लाल झाली.

पाच म्हशींचे दूध घेऊन आलेल्या हरणाबाई ओरडल्या, "आवं, दूध नासंल की! काय खेळ मांडलाय?"

"मावशी, वीज बंद करूनच मारायची असती."

"मग त्यो चालू कसा हुणार?"

"ते पुस्तकात न्हाई."

हरणाबाईंनी पदर खोचला, वीज चालू केली, बटण दाबले आणि पत्र्यावर सणसणीत लगावली. कूलर घुरघुरू लागला. दूध वाचले.

चौकशी बसली. निष्कर्ष स्पष्ट होता : पुस्तिका वाचलेल्यांकडून कूलर सुरू होत नाही, न वाचलेल्यांकडून होतो. पुस्तिकेत दोष असणे शक्यच नव्हते, कारण ती मंजूर होती. म्हणून दुरुस्ती झाली : 'ही पुस्तिका न वाचलेल्या व्यक्तीनेच कूलर सुरू करावा.' हरणाबाईंचे नाव सर्वांत पुढे होते. पण खुलासा घेण्याआधी त्यांना पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवण्यात आली होती. त्या अपात्र ठरल्या. ही दुरुस्ती सर्वांना कळावी, म्हणून सबंध पुस्तिका गावोगावच्या फलकांवर लावली. लोकांनी ती वाचली आणि ओळीने अपात्र झाले.

आता संध्याकाळचे दूध दारात येऊन थांबले आहे. योग्य माणसाचा शोध उंब्रजपासून माणपर्यंत घेऊन झाला. शेवटी तुमचे नाव पक्के झाले होते. साहेब गाडी काढून तुमच्याकडे निघालेही होते.

पण तुम्ही हे सगळे आत्ताच वाचून काढलेत. कोणी सांगितले होते?