महाद्वारीचे दोन भव्य हत्ती

तात्याराव स्वतःची ओळख करून देऊ लागले की समोरच्याला बूड टेकावंच लागे. 'मराठवाड्याची तिसरी नजर, गुन्हेगारांचा कर्दनकाळ आणि एसटीचा माजी कंडक्टर' एवढं सांगून होईस्तोवर चहाचं पाणी होई. आजवर त्यांनी एकही गुन्हा उलगडला नव्हता. गुन्हेगारच त्यांच्या तोलाचे निघाले नाहीत, त्याला ते तरी काय करणार? त्यांचा शागीर्द बन्सीधर मान डोलावी. पगारच नव्हता, तर मान डोलवायला काय जातंय!

शहाऐंशी साली जिंतूरजवळच्या एका गावात जुन्या हेमाडपंती देवळाच्या दारातले दोन दगडी हत्ती गायब झाले. चोरी उघडकीला आणली पर्यटन खात्याचे साहेब दिनकरराव यांनी. देऊळ दाखवणाऱ्यांनी मनाला येईल ते बोलू नये, राज्यभर सगळ्यांचं शिक्षण एकसारखं व्हावं, म्हणून त्यांनी जिंतुरात आठ दिवसांचं शिबिर घेतलं होतं. सायक्लोस्टाइलचे कागद वाटले, घोकून घेतले. 'महाद्वारी दोन भव्य हत्ती' असं दहा जण धडाधड बोलले आणि पास झाले. धुरपताबाई तेवढ्या नापास. वीस वर्षं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ते देऊळ दाखवत होत्या, पण हत्ती काही त्यांच्या तोंडून निघेनात. आता गाईडचा बिल्ला नाही, म्हणजे देवळात उभं राहायचं नाही. पोटाचं काय, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

बिल्ले वाटायला साहेब पहिल्यांदाच देवळात आले, आणि पाहतात तर दार मोकळं.

चोरीचं कळताच बन्सीधरला घेऊन धावत आलेल्या तात्यारावांनी भिंगातून जमीन पाहिली. हत्ती एसटीनं देवगाव फाट्याला गेले असावेत, हा त्यांचा पहिला तर्क. पण लगेजचं तिकीट फाडल्याशिवाय कुठला कंडक्टर हत्ती चढू देईल? मग संशय पाथरीच्या जीपवाल्यांवर गेला. जीपची मागची फळी मोजली, तिच्यात हत्ती मावेनात, म्हणून तोही बारगळला. शेवटी ते धुरपताबाईंकडं गर्रकन वळले. दहा जण हत्तींचं नाव घेतात आणि एकच बाई घेत नाही, ती का? काही लपवायचं असल्याशिवाय का? साहेबांनी शिपायाला पोलीस पाटलाकडं पिटाळलं. बन्सीधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणापासून तो या बाईच्या हातचा प्रसाद खात आला होता, आणि आज मान डोलेना.

धुरपताबाईंनी पदर खोचला. "सायेब, वीस वर्सं झाली, मी हे दार झाडायलेय. हत्ती तुमच्या कागदात हाईत. दारात कवाच नव्हते."

बन्सीधरनं कागद मागून घेतला आणि वरची ओळ वाचली. तिथं दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका किल्ल्याचं नाव होतं. एकसारखं शिक्षण म्हणून एकच कागद सगळीकडे गेला होता. वरची ओळ परीक्षेला नसल्यामुळं ती कुणी वाचली नव्हती, साहेबांनीसुद्धा.

पण निकाल सहीनिशी वर गेलेला. दहा पास माणसं खोटी ठरवण्यापेक्षा दगड बदलणं खात्याला सोपं वाटलं. दोन महिन्यांत ट्रॅक्टरमधून सिमेंटचे दोन हत्ती आले. तात्यारावांनी वहीत 'मुद्देमाल हस्तगत' असं लिहून घेतलं. धुरपताबाईंची परीक्षा पुन्हा झाली. समोर दिसतायत म्हटल्यावर त्यांनी हत्ती सांगितले, आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं बिल्ला दिला.

तेवढ्यात परभणीचे पाहुणे आले. हत्ती कोणत्या काळातले, असं त्यांनी विचारलं. दहा जणांनी कागद चाळले.

"देऊळ अडाणी लोकांनी बांधलंय," धुरपताबाई म्हणाल्या, "हत्ती तेवढे शिकलेल्यांनी बसवले."