प्रस्तुत अर्जदार, ठळक अक्षरांत

मला काम मिळत नाही याचं कारण मी नालायक आहे हे नसून, माझा अर्ज कोणी उघडूनच बघत नाही हे आहे, असा शोध मला एका सकाळी दात घासताना लागला. शोध एवढा मोठा होता की तोंडातला फेस सांभाळत मी तो बायकोला सांगायला गेलो. ती गाडीची किल्ली शोधत होती.

"आधी चूळ भरा," ती म्हणाली. "मग बोला."

माझी बायको मोटार चालवायला शिकवते. दिवसभर ती शेजारच्या सीटवर बसून नवशिक्यांना आधी काय करायचं आणि मग काय करायचं ते सांगत असते, आणि घरी आल्यावर तिच्या शेजारी मी असतो. तिचं बोलणं त्यामुळे फार आखूड झालं आहे. माझं बोलणं मात्र लांबलचक. मी एका कचेरीत आवक-जावक विभागात होतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून' ही माझी खास मात्रा. ती मी लिहिली की समोरचा निम्मा गार व्हायचा. पुढे कचेरीने कॉम्प्युटर आणला. पत्रं आपली आपण यायला आणि आपली आपण जायला लागली, तेव्हा मधे हा माणूस कशाला, असा प्रश्न वर कोणालातरी पडला आणि मी घरी आलो.

तेव्हापासून मी फ्रीलान्स लेखक आहे. फ्रीलान्स म्हणजे घरी बसून काम शोधणं. (काम मिळालं तर ते करायचंही असतं म्हणे, पण तिथवर माझा अनुभव नाही.) त्यासाठी एक वेबसाइट आहे. तिथे लोक कामं टाकतात आणि आपण त्यावर अर्ज करायचे. ते त्याला प्रपोजल म्हणतात. मी पाठवलेल्या प्रत्येक प्रपोजलखाली राखाडी अक्षरांत एकच शेरा असायचा : 'अजून पाहिलेले नाही.'

इकडे मेहुण्याची घाई चालली होती. त्याचं न्हाणीघराच्या सामानाचं दुकान आहे. "भावोजी, तुमच्यासाठी खुर्ची काढून ठेवलीय," असं तो दर रविवारी फोनवर सांगायचा. मी ती खुर्ची बघून आलो होतो. दोन्ही बाजूंना कमोडच्या रांगा आहेत आणि मधे ती. लांबून बघणाऱ्याला यातली खुर्ची कोणती हे चटकन कळत नाही.

बायको कधी टाकून बोलली नाही. एवढंच म्हणाली होती, "या महिन्यात एक तरी काम मिळवा. नाहीतर एक तारखेपासून दादाकडे." तेव्हापासून मला स्वप्नातसुद्धा फ्लश ऐकू यायचा.

तर, शोध लागला त्या दिवशी मी साइटवरचं पिवळं बटण पहिल्यांदा नीट बघितलं. त्यावर लिहिलं होतं, 'ठळक व्हा!' जादा पैसे भरले की आपलं प्रपोजल क्लायंटला सगळ्यांच्या वर दिसतं, तेही पिवळ्या चौकटीत. चष्म्याचा नंबर वाढला होता म्हणून नव्या चष्म्यासाठी मी थोडे पैसे बाजूला ठेवले होते. म्हटलं, आधी मी लोकांना दिसलो पाहिजे. लोक मला नंतर दिसले तरी चालतील.

काम अगदी माझ्यासाठीच असल्यासारखं होतं. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीला 'सामान्य ग्राहकाला समजेल अशा भाषेत' माहितीपुस्तिका लिहून हव्या होत्या. सुरुवात कपडे धुण्याच्या मशीनपासून. योगायोग असा की त्या दिवशी कपडे धुवायचं काम माझ्याकडे होतं. मी मशीन लावलं, टेबलाशी बसलो आणि पैसे भरले.

पहिल्या जागेवर माझं नाव आलं. मी ते डोळे भरून बघतोय तोच 'शब्दसम्राट' नावाच्या कोणा इसमाने माझ्यापेक्षा जास्त भरले आणि मी दुसरा झालो. मी आणखी भरले. त्याने आणखी भरले. या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही, पण भाऊबंदकीत येत नसेल एवढा राग मला त्याचा आला. चष्म्याच्या दोन्ही काचा आणि एक दांडी गेल्यावर तो थांबला. 'आपली जागा राखून ठेवली आहे. मजकूर ताबडतोब पाठवा,' असा हुकूम स्क्रीनवर आला आणि उलटे आकडे पळायला लागले.

मी एका बोटाने टाइप करतो. तेवढ्या वेळात शब्दसम्राटाने अख्खा कोश लिहिला असता. म्हणून फोनवरचं ते माइकचं बटण दाबलं, म्हणजे आपण बोलायचं आणि फोनने लिहायचं. मी खाकरून सुरुवात केली, तेवढ्यात मशीनखालून पाणी यायला लागलं. मी बोलत बोलत मशीनकडे गेलो. तेवढ्यात बायको दोन शिकवण्यांच्या मधल्या सुट्टीत घरी आली. पुढची काही मिनिटं आमच्याकडे बरीच धावपळ झाली. पण मी कामाचा माणूस! एका हातात फोन, दुसऱ्या हातात फडकं, घोट्याइतकं पाणी, तरी मजकूर पुरा सांगितला आणि आकडे संपायच्या आत 'पाठवा' दाबलं. जुन्या चष्म्यातून ते वाचत बसायला वेळ नव्हता.

संध्याकाळी, फरशी सुकल्यावर, कौतुकाने मी माझं प्रपोजल उघडलं. फोन लांब धरून, डोळे बारीक करून वाचायला लागलो.

'महोदय उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की प्रस्तुत अर्जदारास लेखनाचा प्रदीर्घ अनुभव असून अहो पाणी कुठून येतंय आधी नळ बंद करा तो नाही मागचा तसेच अर्जदाराची भाषा सुबोध व दार ओढू नका लॉक आहे ते थांबा लाल दिवा जाऊ दे मग उघडा प्रवाही असल्याबाबत अनेकांनी खिशात काय होतं खिसे आधी बघायचे असतात अहो समाधान व्यक्त केले आहे टॉवेल घ्या तो नको तो चांगला आहे सबब अर्जदाराचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती आधी प्लग काढा मग हात घाला मला विधवा करायचंय का'

अर्ज कोणी उघडत नव्हतं तेच बरं होतं! आता तो पिवळ्या चौकटीत, सगळ्यांच्या वर, माझ्या पैशाने झळकत होता. मी साइटच्या मदत-केंद्राला लिहिलं, "मला माझं प्रपोजल मागे घ्यायचं आहे."

"सर, ठळक केलेलं प्रपोजल मागे घेता येत नाही."

"मग निदान खाली तरी ढकला. अगदी शेवटी."

"सर, वर जाण्यासाठी आपण पैसे भरू शकता. खाली जाण्याची सोय नाही. अन्य कोणी आपल्यापेक्षा जास्त भरल्यास आपण आपोआप खाली याल."

मी शब्दसम्राटाची वाट पाहत बसलो. एवढा वेळ हिरिरीने लढणारा माणूस, पण ऐन वेळी त्याने माझी साथ सोडली.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. एक मॅडम होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या थांबेचनात.

"अहो, काय प्रपोजल आहे! सकाळपासून आमचं ऑफिस ते वाचतंय. बाकीची सगळी सारखीच, 'मी मेहनती आहे, मी होतकरू आहे.' तुम्ही तर थेट नमुनाच दिलात! 'लाल दिवा जाऊ दे, मग उघडा.' हे आमच्या लोकांना चार पानांत जमलं नव्हतं. आणि ते 'अहो'! माणूस चिडलाय, पण मान राखून चिडलाय. आम्हाला अगदी हेच हवं होतं."

"हो," मी म्हणालो. "तो एक प्रयोग होता." (एवढ्या चटकन मी आयुष्यात खोटं बोललो नव्हतो.)

"आणि मधे मधे ते जुनाट सरकारी थाटाचं जे घातलंत ना, 'प्रस्तुत अर्जदार' वगैरे, वाईट लिखाण कसं असतं ते दाखवायला, ते तर इतकं मिश्किल आहे! आमचे अकाउंट्सवाले हसून हसून खुर्चीवरून पडले."

ते मी दाखवायला घातलं नव्हतं. ते मी लिहिलं होतं. पण मी नुसतं 'हो, हो' म्हटलं, कारण मॅडम पुढे म्हणाल्या की मिक्सर, इस्त्री आणि व्हॅक्यूम क्लीनर यांचे नमुने पाठवा, जमले तर वर्षभराचं काम तुमचं.

मी दार लावून इस्त्रीवर लिहायला बसलो. आखूड लिहायचं, असं स्वतःला बजावलं, पण हाताला सवय नव्हती. 'इस्त्री तप्त झाली असल्याची खातरजमा करणेकामी' इथपर्यंत पोचलो आणि ते पाठवून दिलं. मॅडमचं उत्तर आलं : 'चुकून तुमचा तो विनोदी उतारा आलाय. खरा मजकूर पाठवा.'

खरा मजकूर बायकोच्या तोंडात होता. तिला सरळ विचारावं, तर कंपनीने मला निवडलं ते तिच्या बोलण्यावर, हे सांगावं लागलं असतं आणि तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मग मी दुसरी वाट काढली. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, तो शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि तिच्यासमोर चुका करायच्या. मला चुका मुद्दाम कराव्या लागतील असं कधी वाटलं नव्हतं.

मिक्सरचं भांडं मी तिरपं बसवलं. "अहो, टक् आवाज येऊ दे, मग बटण," ती म्हणाली. झाकण न लावताच मी बटण दाबलं. भिंतीवर जे उडायचं ते उडालं आणि मला तीन सुंदर वाक्यं मिळाली. रेशमी ओढणीवर तापलेली इस्त्री धरून उभा राहिलो. "अहो, कापड बघा, मग आकडा फिरवा!" व्हॅक्यूम क्लीनरने मी पाणी ओढायला घेतलं, तेव्हा ती धावत आली, प्लग काढला आणि काहीच बोलली नाही. मी खिसा जरा तिच्या बाजूला केला. तरी नाही.

तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. समोर स्टूल ओढून घेतलं.

"तुम्हाला काय होतंय?" ती हळू आवाजात म्हणाली. "चार दिवस बघतेय मी. तुम्ही असे नव्हता. म्हणजे होता, पण इतके नव्हता. दादाकडे जायचं नसेल तर नका जाऊ. मी आणखी दोन शिकवण्या घेईन. पण असं नका करू हो. मला भीती वाटते."

तिचे डोळे भरून आले होते. मला माझी इतकी लाज वाटली की फोन खिशातून काढून मी टेबलावर ठेवला आणि पिवळ्या बटणापासून सगळं सांगून टाकलं. प्रपोजलही वाचायला दिलं.

ती वाचत गेली. 'विधवा'पाशी आल्यावर तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, इतकी की स्टूल हलत होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणजे चष्म्याचे पैसे यात घातलेत?"

"हो."

"आणि मी जे तुम्हाला ओरडते, त्याचे ते पैसे देणार?"

"वर्षभर."

"फोन लावा त्यांना."

मी लावला. ती बोलत होती आणि मी फरशी पुसत होतो. 'अहो'बद्दल मॅडम काहीतरी म्हणाल्या असाव्यात, कारण बायको म्हणाली, "छे छे, लिहायचं कसलं, समोर माणूस असला की येतंच तोंडात." मग तिने फोन स्पीकरवर टाकला.

"पुस्तिका ताईच सांगतील, हे पक्कं," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्याशीही बोलायचंय. ती रेकॉर्डिंगं ताईंनी आत्ता ऐकवली. आमच्याकडे इंजिनियर पुष्कळ आहेत, पण झाकणाशिवाय मिक्सर चालू करणं त्यांना सुचतच नाही. प्रत्येक नवीन उपकरण आधी तुमच्या हातात द्यायचं, असं आम्ही ठरवतोय. पगारी पद आहे, बरेच दिवस रिकामं. 'अजाण ग्राहक' म्हणून."

म्हणजे दुकानातली ती खुर्ची टळली! आनंदाने मला उडी मारावीशी वाटली. पण काही झालं तरी मी आवक-जावकमधला माणूस. आवाजात शक्य तेवढा भारदस्तपणा आणून मी विचारलं, "या पदासाठी अन्य उमेदवारही असतीलच?"

"एक गृहस्थ येऊन गेले," मॅडम म्हणाल्या. "चांगले होते, पण हातात मशीन दिल्याबरोबर ते आधी पुस्तिका वाचायला लागले. असा माणूस आम्हाला काय कामाचा? तुमचं काय, तुम्ही आधी वाचता का?"

'यथावकाश' असं काहीतरी मी म्हणणार होतो. तेवढ्यात बायकोने फोन आपल्याकडे ओढला.

"अहो मॅडम, काळजीच नको," ती अभिमानाने म्हणाली. "हे स्वतः लिहिलेलंसुद्धा वाचत नाहीत!"

मॅडमनी माझी नेमणूक तिथल्या तिथे पक्की केली.